मार्क प्रायरचा खांदा नेमका कशामुळे गेला?

१० ऑगस्ट २००६ रोजी शिकागो कब्ज या बेसबॉल संघाचा पिचर मार्क प्रायर मिल्वॉकी ब्रूअर्सविरुद्ध खेळला. सव्विसावं वर्ष पूर्ण व्हायला त्याला अजून महिनाभर अवकाश होता. त्यानंतर सात वर्षं तो परतण्यासाठी धडपडला. ऑपरेशनं झाली, संघ बदलले, छोट्या गावांतल्या लीगमध्येही खेळून झालं. पण मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीच्या बेसबॉलमध्ये, त्याने पुन्हा एकही चेंडू टाकला नाही. आणि तीनच वर्षांपूर्वी, २००३ मध्ये, हा मुलगा बेसबॉलमधल्या सर्वोत्तम पिचरांपैकी एक होता.

त्याचं काय झालं, असं शिकागोत विचारलं तर उत्तर बहुधा एका वाक्यात मिळतं : मॅनेजर डस्टी बेकरने त्याला पिळून काढलं. काही जण एका टकरीकडे बोट दाखवतात. काही म्हणतात, त्याची चेंडू टाकायची पद्धतच चुकीची होती. आणि एक उत्तर तो खेळत असतानाच दबक्या आवाजात, पुढे उघडपणे दिलं जात होतं, की पोरगा नाजूक आहे, सारखं काही ना काही दुखत असतं. यातलं पहिलं उत्तर मला अर्धंच खरं वाटतं. शेवटचं मात्र साफ खोटं आहे, आणि त्या माणसावर अन्याय करणारं आहे. असं का म्हणतो ते कळायला आधी पिचरचा हात समजून घ्यावा लागेल.

आपण क्रिकेट पाहत वाढलेली माणसं, त्यामुळे पिचर म्हणजे बॉलर असं चटकन मनात येतं. काम साधारण तेच, पण शरीर वापरण्याची रीत निराळी. क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झालं तर तो फेकी चेंडू. बेसबॉलमध्ये फेकायचंच असतं, तेही टप्पा न पाडता. क्रिकेटचा वेगवान गोलंदाज धावत येऊन वेग कमावतो आणि पुढचा पाय आपटतो तेव्हा त्याचा भार पाठीच्या कण्यावर येतो. म्हणून आपल्या वेगवान गोलंदाजांच्या बातम्यांत पाठीचे स्ट्रेस फ्रॅक्चर जास्त दिसतात. पिचरला धाव घेता येत नाही. दहा इंच उंच मातीच्या उंचवट्यावर, म्हणजे माउंडवर, उभं राहायचं, एक लांब पाऊल टाकायचं आणि १८.४४ मीटरवरच्या बॅटरकडे ताशी १५० किलोमीटरने चेंडू सोडायचा. पाय, कंबर आणि धड यांतून उठलेला सगळा जोर शेवटी खांदा आणि कोपर या दोन सांध्यांतूनच बाहेर पडतो.

सामना सुरू करणारा पिचर साधारण शंभर चेंडू टाकतो आणि मग चार-पाच दिवस विश्रांती घेतो. बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद केलं की तो स्ट्राइकआउट. इनिंग म्हणजे दोन्ही संघांची बॅटिंगची एकेक पाळी. नऊ इनिंगमागे पिचर स्वतःच्या खात्यावर सरासरी किती धावा देतो, त्या आकड्याला ईआरए म्हणतात. तीनच्या आत असला तर पिचर उत्तम. पुढचं कळायला एवढी माहिती पुरेशी आहे.

प्रायर सॅन डिएगोचा. उंची १ मीटर ९६ सेंटीमीटर, पोटऱ्या खांबासारख्या. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून २००१ च्या हंगामात तो १५ सामने जिंकला, एकच हरला. २०२ स्ट्राइकआउट काढले आणि फक्त १८ बॅटरना फुकटचा पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, दिला. हा शेवटचा आकडा जाणकारांना जास्त भुलवणारा होता, कारण एवढा वेग आणि एवढा ताबा एका हातात सहसा सापडत नाही. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, मिनेसोटा ट्विन्सने पहिली निवड जो मावरची केली आणि दुसऱ्या क्रमांकावर कब्जने प्रायरला उचललं. करार १ कोटी ५ लाख डॉलरचा होता. नुकत्याच निवडलेल्या खेळाडूला एवढी रक्कम तोवर कुणी दिली नव्हती.

२२ मे २००२ रोजी पिट्सबर्ग पायरेट्सविरुद्ध पहिलाच सामना, त्यात १० स्ट्राइकआउट. २००३ च्या पूर्ण हंगामात १८ विजय, ६ पराभव, २.४३ ईआरए आणि २४५ स्ट्राइकआउट. लीगच्या सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात तो तिसरा आला. त्या सप्टेंबरात त्याला नुकतीच २३ वर्षं पूर्ण झाली होती एवढंच.

आता हाताकडे वळू. माणसाचा खांदा कमालीचा मोकळा सांधा आहे. हात पुढे, मागे, वर, गोल, हवा तिकडे फिरतो. पण या मोकळेपणाची किंमत असते. खुब्यातल्या हाडाचा गोळा खोल उखळीत घट्ट बसलेला असतो. खांद्याची वाटी मात्र इतकी उथळ आहे की दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यात बशीत ठेवलेल्या लिंबासारखा असतो. त्याला जागेवर धरून ठेवतात ते भोवतालचे मऊ भाग : वाटीच्या कडेची कूर्चा, म्हणजे लॅब्रम, चार स्नायूंचा रोटेटर कफ, आणि सांध्याभोवतीचं तंतुमय आवरण, म्हणजे कॅप्सूल.

चेंडू सुटण्याच्या क्षणभर आधी पिचरचा हात मागे वळत जातो, इतका की पंजा जवळजवळ आकाशाकडे तोंड करून आडवा होतो. फोटोत ती स्थिती पाहिली तर हात मोडलाय की काय असं वाटतं. हात जितका मागे जाईल तितका त्याला पुढे वेग घ्यायला वाव मिळतो. मग दंड आतल्या बाजूला गर्रकन फिरतो. प्रयोगशाळेत हा वेग सेकंदाला सुमारे ७,००० अंश मोजला गेला आहे. त्याच वेगाने हात फिरत राहिला असता तर एका सेकंदात एकोणीस पूर्ण फेऱ्या झाल्या असत्या. मानवी शरीराच्या इतक्या वेगवान हालचाली फारच थोड्या आहेत. चेंडू सुटला की तोच हात थांबवायचा असतो. तेव्हा दंड खांद्यातून बाहेर खेचला जातो, आणि ती ओढ शरीराच्या वजनाएवढी किंवा त्याहून जास्त असते. ती पेलतात रोटेटर कफचे स्नायू.

हात मागे वळतो तेव्हा कॅप्सूलचा पुढचा भाग ताणला जातो. दर चेंडूला थोडा. तो थोडा सैल झाला तर हात आणखी मागे जातो आणि वेग वाढतोसुद्धा. जास्त सैल झाला तर गोळा वाटीत सरकू लागतो, लॅब्रम घासतो, कफ झिजतो. चांगला पिचर घडवणारा सैलपणा आणि पिचरला संपवणारा सैलपणा यांच्यामधली रेघ कुठे आहे, हे आजही कुणी नेमकं आखून देऊ शकत नाही. प्रायरची गोष्ट इथेच आहे, असं मला वाटतं.

कोपराची कथा वेगळी. कोपराच्या आतल्या बाजूचा बंध तुटला की पूर्वी कारकीर्द संपायची. १९७४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात त्याच्याच दुसऱ्या हातातला स्नायुबंध काढून बसवला. जॉन १९७६ मध्ये परतला आणि त्यानंतर १६४ सामने जिंकला. आज या ऑपरेशनला त्याचंच नाव आहे आणि ते करून घेतलेले बहुसंख्य पिचर पुन्हा खेळतात. खांद्यासाठी असा हुकमी उपाय सापडलेला नाही. तिथं एकच दोर तुटलेला नसतो. तीन-चार गोष्टी एकमेकींच्या आधाराने झिजलेल्या असतात आणि एक घट्ट केली की दुसरीचा तोल जातो. कॅप्सूल जास्त घट्ट शिवलं तर हात मागेच जात नाही, आणि हात मागे गेला नाही तर वेग कुठून येणार?

सप्टेंबर २००३

११ जुलै २००३ रोजी अटलांटा ब्रेव्हजविरुद्ध बेसवर धावत असताना प्रायरची दुसऱ्या बेसजवळचा त्यांचा क्षेत्ररक्षक मार्कस जाइल्स याच्याशी जोरदार टक्कर झाली आणि तो उजव्या खांद्यावर आपटला. हाच चेंडू टाकायचा खांदा. ऑगस्टमध्ये तो परतला तो जणू काही झालंच नाही अशा थाटात. तिथून पुढे हंगाम संपेपर्यंत १० विजय आणि एक पराभव.

याच काळात त्याच्या चेंडूंची संख्या वाढत गेली. सप्टेंबरमधले त्याचे सहा सामने असे : १३१, १२९, १०९, १२४, १३१, १३३ चेंडू. सरासरी १२६. नंतर बाद फेरी. ब्रेव्हजविरुद्ध पूर्ण सामना, १३३ चेंडू. फ्लोरिडा मार्लिन्सविरुद्धच्या मालिकेत दुसऱ्या लढतीत ११६, आणि हे तर पाच इनिंगनंतर संघ ११–० असा पुढे असताना. या एका निर्णयाचं समर्थन मला करता येत नाही.

मग याच मालिकेतली १४ ऑक्टोबरची सहावी लढत. कब्ज १९०८ नंतर एकदाही विजेते ठरले नव्हते. रिग्ली फील्डवर आठव्या इनिंगमध्ये ते ३–० असे पुढे होते आणि वर्ल्ड सीरिजपासून, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेपासून, पाच बळी दूर. तोवर प्रायरचा चेंडू मारून बेस गाठणं बॅटरना तीनदाच जमलं होतं. तेव्हा डावीकडच्या कठड्याजवळ उडालेला एक फाउल, म्हणजे रेषेबाहेरचा, चेंडू कब्जचा मोइसेस अलू झेलायला गेला आणि एका प्रेक्षकाचा हात मध्ये आला. अमेरिकेत लोकांना ती रात्र या प्रेक्षकासाठी आठवते. त्या बिचाऱ्याला वर्षानुवर्षं लपून राहावं लागलं. खरं तर त्याच इनिंगमध्ये कब्जचाच क्षेत्ररक्षक अॅलेक्स गोन्झालेझच्या हातून सोपा चेंडू सुटला, तिथं डाव फिरला होता. आणि माउंडवर उभा होता तो गेल्या सहा आठवड्यांत हजारावर चेंडू टाकून झालेला २३ वर्षांचा मुलगा. ११९ चेंडूंनंतर बेकरने त्याला बाहेर घेतलं तेव्हा मार्लिन्सनी बरोबरी साधली होती. त्या इनिंगमध्ये एकूण आठ धावा गेल्या. दुसऱ्या दिवशी सातवी लढतही गेली.

बेकरची बाजूही ऐकायला हवी. कब्जनी लीगमधला आपला गट ह्यूस्टनपेक्षा फक्त एक सामना जास्त जिंकून मिळवला होता. सप्टेंबरातल्या एखाद्या सामन्यात प्रायरला सातव्या इनिंगला बसवलं असतं आणि नंतरच्या पिचरने सामना घालवला असता, तर बाद फेरीचा ऑक्टोबर उजाडलाच नसता. शिवाय तेव्हा १२० चेंडू म्हणजे आजच्यासारखं आक्रीत नव्हतं. खुद्द प्रायरने पुढे जाहीरपणे सांगितलं आहे की तो बेकरला दोष देत नाही.

जास्त चेंडू टाकले म्हणून हात गेला, हा हिशेब इतका सरळ असता तर लिव्हान हर्नांडेझ कधीच संपायला हवा होता. विशीत त्याच्याकडूनही मार्लिन्सनी असंच रगडून काम करून घेतलं, आणि तो २०१२ पर्यंत खेळला. त्याचा वेग मात्र बेताचा होता. नोलन रायनने २७ हंगाम झंझावाती वेगाने चेंडू टाकले आणि कोपराचा बंध तुटला तो वयाच्या ४६ व्या वर्षी. तेव्हा चेंडूंची संख्या हा धोका आहे, पण तो कुणाला किती बाधेल हे त्या माणसाच्या ऊतींवर, वेगावर, वयावर आणि आधीच्या जखमांवर ठरतं. तरुण पिचरच्या इनिंग एका वर्षात तीसपेक्षा जास्त वाढल्या की पुढच्या वर्षी तो कोसळतो, असाही एक नियम मधल्या काळात फार गाजला. नंतरच्या अभ्यासांत तो टिकला नाही.

पद्धतीचा वादही असाच. प्रायर कॉलेजात असताना त्याची चेंडू टाकण्याची शैली निर्दोष मानली जायची. त्याचे प्रशिक्षक टॉम हाउस. २००८ मध्ये भारतातल्या एका स्पर्धेतून निवडलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भालाफेकपटूंना पिचिंग शिकवलं तेही याच हाउसनी. प्रायर जखमी झाल्यावर त्याच चित्रफिती पुन्हा पाहिल्या गेल्या आणि पुढचा पाय टेकताना त्याची कोपरं खांद्यापेक्षा वर जातात, म्हणजे हात उशिरा येतो, असा दोष काढला गेला. असेलही. पण जी शैली २००१ मध्ये आदर्श होती ती २००६ मध्ये घातक ठरते तेव्हा तिच्यात बदललेली गोष्ट एकच असते : आपल्याला निकाल माहीत झालेला असतो.

आणि नाजूक?

२००४ मध्ये टाचेवरच्या अकिलीस स्नायुबंधाच्या दुखापतीने त्याचा हंगाम जूनमध्ये सुरू झाला. पिचरसाठी पायाचं दुखणं किरकोळ नसतं. पायातून येणारा जोर कमी झाला की ती भरपाई हात करतो. २७ मे २००५ रोजी कोलोरॅडोच्या ब्रॅड हॉपने मारलेला चेंडू ताशी सुमारे १८८ किलोमीटर वेगाने थेट त्याच्या उजव्या कोपरावर आदळला. हाड चेपलं गेलं. यात पिचरची काय चूक? महिनाभरात तो परत खेळायला उभा होता आणि त्या वर्षी ११ सामने जिंकला.

२००६ ची सुरुवातच खांद्याच्या दुखण्याने झाली. निदान होत होतं ते ताण आणि सूज असं. नऊ सामन्यांत एक विजय, सहा पराभव, ईआरए ७.२१. याच काळात शिकागोत कुजबुज वाढली की हा दुखणं उगाळतो, याच्यात जिगर नाही. एप्रिल २००७ मध्ये डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी दुर्बिणीतून खांदा उघडून पाहिला तेव्हा रोटेटर कफ साफ करावा लागला, आणि लॅब्रम व कॅप्सूलचा पुढचा भाग दुरुस्त करावा लागला. म्हणजे वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी बिघडल्या होत्या. तसल्या खांद्याने हा माणूस मेजर लीगच्या बॅटरसमोर उभा राहत होता, आणि लोक त्याची जिगर मोजत होते.

वर्षअखेरीस कब्जनी त्याला सोडलं. सॅन डिएगो पॅड्रेसने घेतलं. २००८ मध्ये कॅप्सूल पुन्हा फाटलं, पुन्हा ऑपरेशन. २०१० मध्ये ऑरेंज काउंटीच्या एका स्वतंत्र लीगमधल्या संघाकडून तो खेळला. मग टेक्सास, यँकीज, रेड सॉक्स, सिनसिनाटी यांच्या खालच्या संघांतून. डिसेंबर २०१३ मध्ये निवृत्त झाला. एकूण ६५७ इनिंग, ७५७ स्ट्राइकआउट, ४२ विजय.

दरम्यान बेसबॉलने चेंडू मोजणं मनावर घेतलं. २०१२ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सनी स्टीव्हन स्ट्रासबर्गला कोपराच्या ऑपरेशननंतरचा पहिला पूर्ण हंगाम म्हणून १५९ इनिंगनंतर चक्क बसवलं, संघ बाद फेरीत जात असताना. शिव्या खाल्ल्या. २०१९ मध्ये हाच स्ट्रासबर्ग वर्ल्ड सीरिजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा निर्णय योग्य होता असं वाटलं. मग त्याने सात वर्षांचा २४.५ कोटी डॉलरचा करार केला, आणि त्या करारात तो आठ सामने खेळू शकला. मानेजवळच्या नसा आणि रक्तवाहिन्या दबल्या होत्या. आज सामने सुरू करणारे पिचर क्वचितच ११० चेंडूंपुढे जातात, तरी हातांची ऑपरेशनं कमी झालेली नाहीत. मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात मुख्य बोट ठेवलं आहे ते वेगाच्या हव्यासावर : प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने, आणि तेही शाळकरी वयापासून.

प्रायर आज लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचिंग प्रशिक्षक आहे. २०२० पासून या पदावर असताना त्याच्या संघाने २०२०, २०२४ आणि २०२५ असे तीन किताब जिंकले. त्याच्याही हाताखालचे पिचर जखमी होतातच. रोकी सासाकी हा जपानी मुलगा शाळेत असताना त्याच्या प्रशिक्षकाने हात जपायला त्याला प्रांताच्या अंतिम सामन्यातही बसवून ठेवलं होतं. तरी डॉजर्सकडे आल्यावर पहिल्याच हंगामात, वयाच्या २३ व्या वर्षी, त्याचा खांदा दुखावला आणि काही महिने वाया गेले.

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी घरांतली मुलंही लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये, पिचिंग करतात, म्हणून एवढं सांगून ठेवतो. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये घालून दिलेल्या मर्यादा ९–१० वर्षांसाठी दिवसाला ७५, ११–१२ साठी ८५ आणि १३–१४ साठी ९५ चेंडू अशा आहेत. या वयांत ६६ किंवा जास्त चेंडू टाकले तर चार दिवस पूर्ण विश्रांती. मूल दोन संघांकडून खेळत असेल तर दोन्हीकडचे चेंडू एकत्र मोजायचे, कारण प्रत्येक प्रशिक्षक फक्त आपल्या सामन्यांचे मोजतो. आणि खांदा दुखतोय असं मूल म्हणालं तर त्या दिवशी पिचिंग बंद. सामना कुठलाही असो.